वाचकांचे प्रश्न : बाहेरचा गिलावा आणि दुरुस्तीचे कंत्राट

पावसाळा ओसरला की या सदराकडे बाहेरच्या भिंतींविषयीची पत्रे येऊ लागतात, आणि त्यांतील बहुतेकांत भिंतीविषयीची शंका आणि कंत्राटदाराविषयीची तक्रार एकमेकांत मिसळलेली असते. या अंकासाठी त्यांतील सहा पत्रे निवडली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : बोरिवली पश्चिमेची आमची इमारत तळमजला अधिक चार मजल्यांची असून १९८९ मध्ये पूर्ण झाली. यंदाच्या पावसाळ्यात मागच्या बाजूच्या छज्ज्याखालचा गिलाव्याचा मोठा तुकडा खाली आला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. त्यानंतर कमिटीने तीन कंत्राटदारांकडून कोटेशने मागवली. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त कोटेशनमध्ये जवळजवळ दुपटीचा फरक आहे. सभासदांचा कल अर्थातच कमी रकमेकडे आहे. आम्ही निर्णय कसा घ्यावा? (सोसायटीचे सचिव)

उत्तर : आपल्या हातात आलेली तीन कोटेशने ही एकाच कामाची तीन कोटेशने नाहीत, हे प्रथम सभासदांच्या लक्षात आणून द्यावे. काय करायचे ते आपण ठरवून दिलेले नव्हते, त्यामुळे प्रत्येकाने आपल्या मनातल्या कामाचा भाव सांगितला आहे. एकाने फक्त सुटलेला गिलावा काढून तेवढाच भरायचे धरले असेल, दुसऱ्याने संपूर्ण मागची बाजू सोलायचे धरले असेल, तर तिसऱ्याने खांब-तुळयांची दुरुस्ती, ड्रेनेजचे पाइप आणि रंग हे सगळे एकत्र गुंडाळले असेल. अशा कागदांची तुलना करून काहीच हाती लागत नाही. म्हणून ती तिन्ही कोटेशने बाजूला ठेवावीत आणि कंत्राटदाराच्या आधी अभियंत्याला बोलवावे.

तसेही ते आपल्याला टाळता येणार नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५३-ब नुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी पालिकेकडे नोंदणी असलेल्या संरचना अभियंत्याकडून करून घेणे बंधनकारक आहे, आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे सांगाड्याच्या मजबुतीची तपासणी, पाच वर्षांतून एकदा, तर ३० वर्षांपुढच्या इमारतींचे तीन वर्षांतून एकदा व्हायला हवे. आपल्या इमारतीचे शेवटचे ऑडिट कधी झाले याचा पत्रात उल्लेख नाही. ते झालेले नसेल तर सुरुवात तेथूनच होते.

छज्ज्याखालून पडलेला तुकडा कोणी जपून ठेवला असेल तर तो उलटा करून पाहावा. त्याची मागची बाजू गुळगुळीत आणि स्वच्छ करडी असेल, तर गिलाव्याने काँक्रीटला मुळात धरलेच नव्हते. काँक्रीटचा पृष्ठभाग छिन्नीने खाचा पाडून खडबडीत न करता त्यावर तसाच माल मारला गेला असावा. मात्र मागे तांबूस-तपकिरी डाग असतील, किंवा गिलाव्याबरोबर काँक्रीटची खपली निघाली असेल, तर आतली सळई गंजली आहे. गंजाला मूळ पोलादापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. ती जागा मिळवताना तो काँक्रीट आतून फोडतो आणि गिलावा बाहेर ढकलतो. अशा ठिकाणी नवा गिलावा कितीही चांगला केला तरी थोड्याच पावसाळ्यांत तो पुन्हा सुटतो. सैल काँक्रीट काढून सळई उघडी करणे, गंज घासून काढणे, गंजरोधक लेप देणे, सळई बरीच झिजली असल्यास जोड सळई देणे आणि मग पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रो काँक्रीटने भाग भरणे, हे काम आधी आणि गिलावा त्यानंतर, असा क्रम आहे. कमी रकमेच्या कोटेशनमध्ये हे काम धरलेले आहे का, हे पाहिल्यावर दुपटीच्या फरकाचा बराचसा उलगडा होईल.

अभियंत्याने ऑडिटनंतर बाहेरच्या भिंतींचे टॅपिंग करून घ्यावे. हातोडीच्या हलक्या ठोक्याला चांगला गिलावा टणक, आखूड आवाज देतो, तर सुटलेला गिलावा बद्द वाजतो. बद्द वाजणारे भाग खडूने चौकोनात आखून, त्यांची लांबी-रुंदी मोजून तक्ता तयार होतो आणि त्या तक्त्यावरच निविदा बेतलेली असते. दुरुस्तीचे कंत्राट ठोक रकमेचे नसावे, बाबवार दराचे असावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण परांची चढल्याशिवाय भिंतीची खरी अवस्था कोणालाच पूर्ण कळत नाही. ठोक रकमेत कंत्राटदार एक तर ती जोखीम दरात आधीच घालून ठेवतो, नाही तर काम अर्ध्यावर आल्यावर ‘एक्स्ट्रा आयटम’ची यादी पुढे करतो.

निविदेत काय लिहावे याबाबत बहुतेक सोसायट्या फार मोघम असतात. ‘चांगल्या प्रतीचे सिमेंट प्लास्टर’ या शब्दांना बिलाच्या वेळी काहीही अर्थ उरत नाही. बाहेरचा सँडफेस (रेतीसारख्या खरखरीत पृष्ठभागाचा) गिलावा दोन थरांचा असतो: पहिला थर १२ ते १५ मिलिमीटर, त्यावर दुसरा साधारण ८ मिलिमीटर. प्रत्येक थराची जाडी, सिमेंट-रेतीचे प्रमाण (बाहेरच्या कामाला सामान्यतः १:४), पहिल्या थरातील वॉटरप्रूफिंग द्रव्याचे नाव आणि गोणीमागची मात्रा, काँक्रीट आणि विटकामाच्या सांध्यावर बसवायच्या जाळीची रुंदी, पाणी मारण्याचे किमान दिवस, परांची दुहेरी असेल की एकेरी, डेब्रिज उचलण्याचा खर्च कोणाचा, हे सारे लिहिलेले असावे. गिलाव्याचे मोजमाप आपल्याकडे ब्रासमध्ये, म्हणजे १०० चौरस फुटांत होते. खिडक्यांची वजावट कशी करायची हेही आधीच ठरवावे. भारतीय मानकानुसार अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघाडीची वजावट करत नाहीत, पण त्याचा आधार घेऊन मोठ्या खिडक्याही भरीव भिंत म्हणून मोजल्याची बिले मी पाहिली आहेत. मोजमाप सल्लागार, कंत्राटदार आणि सोसायटीचा प्रतिनिधी या तिघांनी एकत्र, गिलावा खरवडल्यानंतर आणि नवा चढवण्यापूर्वी घ्यावे. भिंत झाकली गेल्यावर वाद मिटवायला पुरावा राहत नाही.

पैशांबाबत: आगाऊ रक्कम कमीत कमी ठेवावी आणि मोठी द्यावीच लागत असेल तर बँक गॅरंटीच्या बदल्यात द्यावी. पुढची देयके झालेल्या आणि मोजलेल्या कामापुरतीच द्यावीत. प्रत्येक बिलातून पाच ते दहा टक्के अनामत म्हणून राखून ठेवावी आणि ती हमी कालावधी संपल्यावरच परत करावी. त्या कालावधीत निदान दोन पूर्ण पावसाळे आले पाहिजेत. अशा कामावर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे कोटेशनमधील आकडा करासह की कराशिवाय हे विचारून घ्यावे. देयकातून आयकर कापण्याची जबाबदारी सोसायटीची असते: कंत्राटदार व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर एक टक्का, कंपनी किंवा भागीदारी असेल तर दोन टक्के. निधीबाबत आदर्श उपविधींत दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी (मोठ्या दुरुस्तीसाठी किंवा पुनर्बांधणीसाठी साठवायचा निधी) किमान ०.२५ टक्के वर्गणीची तरतूद आहे. सिंकिंग फंडाला हात लावण्यापूर्वी सर्वसाधारण सभेचा ठराव हवा.

कामगारांच्या अपघाताचा आणि तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा काम सुरू होण्यापूर्वी काढलेला असावा आणि पॉलिसीची प्रत सोसायटीच्या दप्तरी असावी. परांचीवरचा माणूस खाली पडला तर कंत्राटदार किती लहान, किती गरीब वगैरे विचार कोणी करत बसत नाही. पोलीस सोसायटीच्या कार्यालयातही येतात.

सल्लागाराविषयी एक अप्रिय पण आवश्यक सूचना. मुंबईत सल्लागाराची फी बिलाच्या टक्केवारीत ठरवण्याची प्रथा आहे. बिल वाढले की फी वाढते, ही व्यवस्था मला पटत नाही. फी ठोक ठरवावी आणि आठवड्यातून किमान किती वेळा त्याने परांचीवर चढून काम पाहायचे ते करारात लिहावे. कंत्राटदार त्याच्या ओळखीचा असणे गुन्हा नाही, परंतु निविदा बंद पाकिटात मागवून कमिटीच्या सभेतच उघडाव्यात. निवड करताना कंत्राटदाराने निदान पाच वर्षांपूर्वी केलेली इमारत जाऊन पाहावी, आणि तेथील सचिवांना दोनच गोष्टी विचाराव्यात: शेवटचे बिल निविदेपेक्षा किती वर गेले, आणि हमीच्या काळात बोलावल्यावर तो आला का.

प्रश्न : विलेपार्ले पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर आमचे घर आहे. हॉलच्या पश्चिमेकडील भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि हिवाळ्यात पांढरा लोणा दिसतो. आम्ही आतून दोनदा वॉटरप्रूफ रंग लावला. सोसायटी म्हणते, घरातली ओल ही सभासदाची जबाबदारी. हे बरोबर आहे का? (एक गृहिणी)

उत्तर : ओलीचे मूळ कोठे आहे त्यावर जबाबदारी ठरते, ती दिसते कोठे त्यावर नाही. आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची तसेच बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करणे सोसायटीचे काम आहे. घरातील नळ, संडास, न्हाणीघर, सिंक यांतून होणारी गळती संबंधित सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. त्यामुळे वाद घालण्यापूर्वी पाणी कोठून येते ते ठरवावे लागेल, आणि त्यासाठी पुढच्या पावसाळ्यात एक वही ठेवणे पुरेसे आहे.

मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि तो नैर्ऋत्येच्या वाऱ्यांबरोबर येतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिण भिंतींवर तिरकी झड बसते. वाऱ्यासह पाऊस झाल्यावर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी डाग गडद होत असेल आणि उघडीप मिळाल्यावर फिका पडत असेल, तर पाणी बाहेरच्या भिंतीतून येत आहे. पाऊस नसतानाही डाग तसाच राहत असेल, मार्च-एप्रिलमध्येही हाताला गार लागत असेल, तर भिंतीलगतचा पाइप किंवा वरच्या घराचे न्हाणीघर तपासायला हवे. आपल्याकडे ओल पावसाळ्यातच येते, त्यावरून संशय बाहेरच्या भिंतीवर जातो. तारखांसह छायाचित्रे जोडून सचिवांना लेखी पत्र द्यावे आणि पोच घ्यावी.

बाहेरून पाहताना केवळ गिलाव्यातील भेगांकडे पाहू नये. खिडकीच्या चौकटीभोवतीचा सांधा, खिडकीखालच्या कट्ट्याचा आतल्या बाजूला झालेला उतार, छज्ज्याच्या कडेला खालून पाणी तोडणारी खोबण नसणे, एसीच्या ब्रॅकेटसाठी पाडलेली भोके, जुन्या ग्रिलचे गंजलेले पाय, मागच्या रंगकामाच्या वेळी भिंतीत रोवलेल्या परांचीच्या बांबूंची घाईत बुजवलेली छिद्रे, अशा जागांतून पाणी जास्त शिरते. ही छिद्रे परांची उतरवताना सर्वांत शेवटी, घाई असताना, कोरड्या मालाने बुजवली जातात. म्हणूनच बाहेरच्या कामाला दुहेरी परांची मागावी, कारण ती स्वतःच्या दोन रांगांवर उभी राहते आणि भिंतीत भोक पाडत नाही.

आतून लावलेल्या वॉटरप्रूफ रंगाने पाणी थांबत नाही. ते भिंतीतच राहते आणि दुसऱ्या जागेतून बाहेर पडते. लोणा म्हणजे पाण्यात विरघळून आलेले क्षार. पाणी उडून गेले की ते पृष्ठभागावर उरतात. बाहेरची दुरुस्ती झाल्यावर भिंत पूर्ण सुकू द्यावी, लोणा कोरड्या ब्रशने झाडावा (पाण्याने धुतल्यास तो पुन्हा आत जातो), सुटलेला आतला गिलावा काढून नवा करावा आणि रंग सर्वांत शेवटी. भिंत ओली असताना बाहेरून रबरासारखा जाड थर देणारा रंग लावण्याचा आग्रह कोणी केला, तर तोही टाळावा. आतली वाफ त्याला फुगे आणते. ‘दहा वर्षांची वॉरंटी’ बहुधा रंगाच्या थरापुरती असते आणि भिंतीतील भेगा, खालचा कमकुवत गिलावा ही कारणे त्यातून वगळलेली असतात. अटींचा कागद मागून वाचावा.

प्रश्न : चेंबूरच्या आमच्या बंगल्याचा बाहेरचा गिलावा एप्रिल-मे मध्ये नव्याने करून घेतला. महिन्याभरात सगळीकडे बारीक जाळीसारख्या भेगा दिसू लागल्या. कंत्राटदार म्हणतो की हे नैसर्गिक आहे, रंगात बुजून जाईल. (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : भेगांचा आकार पाहिल्यास बरेच कळते. सर्वत्र पसरलेली केसासारखी जाळी ही आकुंचनाची खूण आहे. सिमेंटचे प्रमाण जास्त, रेती फार बारीक किंवा मातीमिश्रित, मालात पाणी जास्त, किंवा ऊन तापत असताना पाणी मारण्यात हयगय, यांपैकी एक किंवा अनेक कारणे तिच्यामागे असतात. मेच्या उन्हात पश्चिमेची भिंत दुपारी इतकी तापते की सकाळी मारलेले पाणी तासाभरात उडून जाते. तेथे दिवसातून तीन-चार वेळा, निदान सात दिवस पाणी मारायला हवे, आणि शक्य तर गोणपाट किंवा जाळी लावून ओलावा टिकवायला हवा. ‘दोन वेळा पाइप मारला’ एवढ्याने क्युरिंग होत नाही.

माल कालवण्याची पद्धतही आपण पाहिली असेल तर आठवून पाहावी. ५० किलो सिमेंटच्या गोणीचे घनफळ साधारण ३५ लिटर असते, म्हणून रेती त्याच मापाच्या फर्म्याने मोजायची असते. प्रत्यक्षात ती घमेल्याने टाकली जाते आणि घमेले कधी शिगोशीग, कधी अर्धे. त्यामुळे सकाळचा घाणा एका प्रमाणाचा आणि दुपारचा दुसऱ्याच. मातीवरच कालवलेला किंवा जेवणाच्या सुट्टीत कडक झाल्यावर पुन्हा पाणी घालून ‘जिवंत’ केलेला माल तर भिंतीला कधीच नीट धरत नाही. सिमेंट घट्ट होण्याची सुरुवात अर्ध्या तासानंतर केव्हाही होऊ शकते. खाडीची रेती वापरली असेल तर तिच्यातील क्षारांमुळे पुढे लोण्याचाही त्रास होईल.

आता काय करावे? हातोडीने ठोकून पाहावे. जाळीच्या भेगा असूनही गिलावा टणक वाजत असेल तर तो काढण्याची गरज नाही; चांगल्या प्रतीचा क्रॅक फिलर आणि भेगा सांधणारा बाह्य रंग यांनी काम भागते, फक्त गिलाव्याला अठ्ठावीस दिवस होऊन तो सुकल्याशिवाय रंग लावू नये आणि प्रायमर क्षाररोधक असावा. बद्द वाजत असेल तर तेवढा भाग काढून कंत्राटदाराने स्वखर्चाने पुन्हा करावा. भेगा जाळीसारख्या नसून तुळईच्या खालून सरळ आडव्या किंवा खांबाच्या कडेने उभ्या जात असतील, तर काँक्रीट आणि विटकाम यांच्या सांध्यावर जाळी बसवली नव्हती, आणि अशा भेगा रंगात बुजत नाहीत. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघून रुंदावत जाणारी भेग दिसल्यास गिलाव्याचा विचार सोडून अभियंत्याला दाखवावी.

प्रश्न : आमच्या दादरच्या इमारतीच्या मागच्या भिंतीतून पिंपळ उगवतो. दर वर्षी माळी कापून जातो, दर वर्षी तो वाढतो. काही औषध आहे का? (एक वाचक)

उत्तर : कापण्याने तो उलट जोमाने फुटतो. मुळे गिलाव्याच्या मागे विटांच्या सांध्यात शिरलेली असतात. तेथील गिलावा काढून, सांधे मोकळे करून मुळे जमतील तितकी उपटावीत, उरलेल्या खुंटाला छिद्र पाडून त्यात तणनाशक भरावे आणि तो वाळल्याची खात्री झाल्यावरच सांधे आणि गिलावा भरावा. पिंपळ उगवलेली जागा नीट पाहावी: तेथे सहसा गळका पाइप किंवा पक्षी बसण्याचा आडोसा असतो, आणि पाइप दुरुस्त केला नाही तर पुढचे बीजही तेथेच रुजते. झाड मोठे असेल तर ते तोडण्यापूर्वी पालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्यावी.

प्रश्न : गिरगावातील आमची चाळ शंभरीच्या पुढची आहे. बाहेरचा चुन्याचा गिलावा ठिकठिकाणी सुटला आहे. भाडेकरूंनी वर्गणी काढून त्यावर सिमेंटचा गिलावा करायचे ठरवले आहे. योग्य आहे का? (एक रहिवासी)

उत्तर : नाही, आणि हे स्पष्ट सांगितलेले बरे. त्या काळच्या भिंती विटा आणि चुन्याच्या, आत सागवानी तुळया-खांबांच्या असतात. चुना मऊ असतो, इमारतीच्या बारीक हालचाली सोसतो आणि भिंतीत गेलेली ओल बाहेर जाऊ देतो. त्यावर कडक सिमेंटचा थर चढवला की ओल आत कोंडते, भिंतीतल्या लाकडी तुळईचे टोक कुजू लागते, आणि थोड्याच वर्षांत सिमेंटचा थर खालच्या चुन्याची खपली घेऊन खाली येतो. बाहेरून मात्र भिंत ठणठणीत दिसते, हा यातला मोठा धोका.

गिलावा चुन्याचाच करावा, आणि चुन्याचे काम केलेल्या गवंड्याकडूनच करून घ्यावा. असे गवंडी आता कमी उरले असले तरी जुन्या वास्तूंची कामे करणाऱ्या वास्तुविशारदांकडे त्यांचा पत्ता मिळतो. चुन्याच्या गिलाव्याला घाई चालत नाही: थर पातळ, दोन थरांत अंतर, आणि ओलावा टिकवून ठेवणे. याखेरीज दोन गोष्टी तपासाव्यात. शहर भागातील जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींच्या संरचनात्मक दुरुस्तीची जबाबदारी म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे येते, त्यामुळे वर्गणी काढण्यापूर्वी मंडळाच्या विभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. आणि चाळ वारसा यादीत किंवा वारसा परिसरात येते का तेही पाहावे. साधा गिलावा आणि रंग ही कामे एरवी पालिकेच्या परवानगीशिवाय करता येतात, वारसा वास्तूंना वेगळे नियम लागू होतात.

प्रश्न : मी मुलुंडला राहते. मुलाने कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे घर घेतले असून बाहेरच्या भिंतीला ‘स्टको’ आहे. त्याला भेगा पडल्या आहेत. तो इथल्यासारखाच गिलावा आहे का, आणि कंत्राटदार निवडताना त्याने काय पाहावे? (एक आई)

उत्तर : दिसायला सारखा असला तरी त्याच्या मागे वीट नसते. तेथील घराचा सांगाडा लाकडी. त्यावर पाणी अडवणाऱ्या कागदाचे थर, त्यावर तारेची जाळी, आणि जाळीत पकडलेले सिमेंट गिलाव्याचे तीन थर, मिळून साधारण २२ मिलिमीटर. आपल्याकडे गिलाव्यातून शिरलेले पाणी विटेत मुरते आणि पुढे सुकते; तेथे ते कागदावरून खाली उतरून भिंतीच्या पायाशी असलेल्या छिद्रांच्या पट्टीतून बाहेर पडावे अशी रचना आहे. म्हणून ती पट्टी मातीपासून किमान चार इंच आणि फरसबंदीपासून किमान दोन इंच वर असावी लागते. बागेसाठी मातीचा भराव घालून किंवा रंगवताना ती बुजवली गेली असेल, तर आतले लाकूड कुजते आणि बाहेर काहीच दिसत नाही. मुलाला सर्वप्रथम घराभोवती फिरून ही पट्टी मोकळी आहे का ते पाहायला सांगावे. फोमच्या पाट्यांवर पातळ थर दिलेला कृत्रिम स्टकोही तेथे असतो. ठोकल्यावर तो पोकळ आणि मऊ लागतो आणि त्याची दुरुस्ती वेगळी असते.

केसासारख्या भेगांची तेथे फार चिंता करण्याचे कारण नाही. भूकंपाचा प्रदेश असल्याने त्या पडतातच, आणि लवचीक फिलर व वाफ बाहेर सोडणारा रंग यांनी त्या सांभाळता येतात. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांतून उतरणारे तपकिरी ओघळ मात्र गंभीर समजावेत. तेथे पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो, त्यामुळे दुरुस्ती उन्हाळ्यात करावी.

कंत्राटदाराबाबत तेथील कायदा ग्राहकाला बराच आधार देतो. राज्याच्या परवाना मंडळाच्या संकेतस्थळावर कंत्राटदाराचा क्रमांक टाकून परवाना चालू आहे का हे तपासता येते. गिलाव्याच्या कामाचा परवाना वर्ग सी-३५ आहे. घरदुरुस्तीच्या करारात आगाऊ रक्कम एकूण किमतीच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांत जी कमी असेल त्याहून जास्त घेता येत नाही. कोणी अर्धी रक्कम आधी मागितली तर तेथेच बोलणे थांबवावे. आणखी एक बाब आपल्याकडच्या माणसाला सहज सुचत नाही: मुख्य कंत्राटदाराने आपल्या हाताखालच्यांचे किंवा माल पुरवणाऱ्याचे पैसे थकवले तर ते लोक घरावर बोजा चढवू शकतात, घरमालकाने पूर्ण पैसे दिले असले तरीही. म्हणून प्रत्येक हप्ता देताना त्या सर्वांकडून हक्क सोडल्याचा लेखी कागद घ्यायला मुलाला सांगावे, आणि शेवटचा हप्ता तो कागद हाती आल्यावरच द्यावा.